ढोलकी कमी येऊन राहिली

खापरखेड्याचं क्वार्टर सोडून आम्ही नागपुरात बेसा रोडच्या फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा घरात पहिली बुद्धाची मूर्ती आली, मग पाण्याचा माठ, आणि तिसऱ्या नंबरला दोन स्पीकर. गॅस चौथा. हा क्रम माझ्या नवऱ्यानं ठरवला होता आणि टेम्पोत सामानही त्याच हिशोबानं भरलेलं होतं. तीस वर्षांत मला एवढं कळलं होतं की त्या दोन डब्यांच्या बाबतीत माझं मत कोणी विचारत नाही.

ते वीज केंद्रात मोटारींच्या देखभालीला होते, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. स्पीकरचे डबे त्यांनी कन्हानच्या एका सुताराकडून क्वार्टरच्या अंगणात बसून करवून घेतले होते. लाकूड सागाचं, आतले स्पीकर सीताबर्डीहून आणलेले, जोडणी त्यांच्या हातची. त्यावर ते कव्वाल्या ऐकायचे. रविवारी सकाळी वंदना झाली की कव्वाली सुरू व्हायची आणि स्वयंपाकघरात माझी मांडणी थरथरायची. मांडणीवर काठ वाकलेली एक स्टीलची ताटली होती. ढोलकीचा धम पडला की ती ताटली शेजारच्या डब्याला घासून झर्र झर्र वाजायची. ती तिथून हलवायचं माझ्या मनात कधीच आलं नाही. मी इथून ओरडायची, "अहो, कमी करा, ताटली वाजून राहिली." आणि ते तिथून खूश होऊन म्हणायचे, "वाजू दे."

म्हणजे ढोलकी बरोबर येते आहे की नाही, हे मोजायचं यंत्र आमच्या घरात होतं आणि ते माझ्या ताब्यात होतं. हे मला फार उशिरा समजलं.

सामान हलवण्याच्या दिवशी ते खापरखेड्यालाच राहिले. क्वार्टर परत करताना पंखे, नळ, खिडक्यांच्या काचा सगळं दाखवून सही घ्यावी लागते. मी टेम्पोबरोबर पुढे आले आणि संध्याकाळपर्यंत घर लावून टाकलं, मांडणीवरची भांडीही होती तशीच. मला पसारा सहन होत नाही. कॉलनीत मी ब्लाउज शिवायची, त्यामुळे दोरा, फीत, नाडी, काहीही गुंतलेलं दिसलं की हात आपोआप तिकडे जातो. सामान बांधतानाच मी स्पीकरच्या दोन्ही तारा सरळ करून, छान गुंडाळून, चिंधीनं बांधून ठेवल्या होत्या. त्या तारांच्या टोकाला काही वेड्यावाकड्या गाठी होत्या, त्याही सोडवल्या. नव्या घरी अँप्लिफायर शोकेसमध्ये ठेवला, त्याच्या मागच्या लाल आणि काळ्या चिमट्यांत तारांची टोकं अडकवली, बटण दाबलं, गाणं लागलं. मला स्वतःचं कौतुक वाटलं. वरून मी क्रोशाचा रुमाल घातला.

दुसऱ्या दिवशी ते आले, चहा घेतला, कव्वाली लावली आणि खुर्चीत बसले. मी बाजूला मेथी निवडत होते. एक कडवं झाल्यावर ते म्हणाले, "ढोलकी कमी येऊन राहिली."

मी म्हटलं, "नवीन घर आहे."

"नुसत्या टाळ्याच ऐकू येऊन राहिल्या. तुले कसं वाटते वं?"

"मले त बराबर वाटते."

हे मी मान वर न करता म्हटलं. मेथीत गवत फार होतं.

पुढचे आठ-दहा दिवस त्यांनी त्या डब्यांच्या मागे घालवले. आधी डबे स्टुलावर होते, ते जमिनीवर आले. मग भिंतीला चिकटले. मग कोपऱ्यात गेले, कारण कोपऱ्यात आवाज भरतो असं त्यांचं म्हणणं. थोडा फरक पडला, पण समाधान होईना. खालच्या टाइल्सवर दोष गेला, तेव्हा डब्यांखाली माझी जुनी चादर घडी करून घातली. मग खोलीवर दोष गेला, क्वार्टरचं छत उंच होतं, इथलं बुटकं. समोरचं कापड काढून त्यांनी स्पीकरच्या पडद्यावर चार बोटं ठेवून हलकेच दाबून पाहिलं, कडेचं रबर कुठे फाटलं आहे का ते पाहिलं. काही फाटलं नव्हतं. आवाज एका बाजूला नेणारं बटण अँप्लिफायरवर होतं, पण ते कधीचं निकामी होतं, त्यामुळे एकेक डबा वेगळा ऐकायची सोय नव्हती. तारांच्या टोकांकडे मात्र ते गेले नाहीत. तिथे चूक होऊच शकत नाही अशी त्यांची खात्री होती, आणि ती का होती ते पुढे येईलच.

या दिवसांत त्यांनी मला आणखी दोनदा विचारलं. एकदा मी फोनवर बहिणीशी बोलत होते, मी हातानंच "ठीक आहे" अशी खूण केली. दुसऱ्यांदा ते मुद्दाम स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"खरं सांग. तुले पहिल्यासारखं ऐकू येते?"

"आता कितीदा विचारान? येते ना. पहिल्यासारखंच येते."

ते "बरं" म्हणाले आणि गेले. त्यानंतर विचारलं नाही. मला वाटलं, चला, विषय मिटला.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या नवऱ्याची वीज केंद्रात ओळख होती ती कानांमुळे. चालू मोटारीच्या अंगावर ते स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचे, मूठ कानाच्या हाडाला लावायचे, डोळे मिटायचे, आणि आतलं कोणतं बेअरिंग खराब व्हायला लागलं आहे ते सांगायचे. पुढे मोजायची यंत्रं आली तरी आधी लोक त्यांना बोलवायचे, मग यंत्र लावायचे. त्यांच्याबरोबर काम केलेला एक जण नोकरी सोडून हिंगणा एमआयडीसीत मोटारी दुरुस्त करण्याचा कारखाना चालवतो. त्यानं निवृत्तीच्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की आठवड्यातून तीन दिवस या, हात चालवायला माझ्याकडे माणसं आहेत, मला तुमचे कान पाहिजेत. हे ऐकून ते इतके खुलले होते की परतीच्या वाटेवर स्कूटरवर गुणगुणत होते. घर लागलं की जातो, असं ठरलं होतं.

घर लागलं आणि ते जाईनात. कारखानेवाल्याचा फोन आला की म्हणायचे, "पाहू." नंतर तर फोन माझ्याकडे द्यायचे. "सांग, आंघोळीले गेलो." मला वाटलं, आराम अंगात शिरला. निवृत्त माणसाचं असंच होतं म्हणतात. एकदा मी चिडून बोललेही, "घरी बसून करून काय राहिले तुम्ही?" ते पेपर घेऊन गॅलरीत गेले.

मग एका दुपारी मी झोपेतून उठले तर ते फ्रिजजवळ उकिडवे बसले होते. स्क्रूड्रायव्हरचं टोक फ्रिजच्या मागच्या बाजूला, मूठ कानाला, डोळे मिटलेले. मी तशीच उभी राहिले. त्यांनी डोळे उघडले, मला पाहिलं, आणि चोरी पकडल्यासारखे उठले.

"बिघडला का?" मी विचारलं.

"फ्रिज नाही बिघडला." मग म्हणाले, "माह्ये कान गेले."

मी म्हटलं, असं कसं, माझं बोलणं तर ऐकू येतं. त्यांनी मला समजावून सांगितलं, शांतपणे, जसं दुसऱ्याच कोणाच्या मोटारीबद्दल सांगावं. बोलणं ऐकू येतं, टाळ्या ऐकू येतात, पण खालचा, जाड आवाज गेला. ढोलकी गेली. "तुले ऐकू येते, मले नाही येत. मंग बिघडलं कोण?" अशा कानानं हिंगण्याला जाऊन मी एखादी मोटर चांगली आहे म्हणून सांगितली आणि ती जळाली तर, असं ते म्हणाले. मोटारींच्या गोंगाटात काम केलेल्या माणसाला आयुष्यभर कानाचीच धास्ती असते.

डॉक्टरकडे जाऊ म्हटलं, तर नको. कागदावर आलं की संपलं, असं त्यांचं मत.

मी काही दगड नाही. मला वाईट वाटलं आणि मी माझ्या परीनं धावपळ केली. दुसऱ्याच दिवशी दोन्ही डबे ऑटोत घातले आणि सीताबर्डीच्या एका गल्लीत स्पीकर दुरुस्त करणाऱ्याकडे नेले. त्यांना चला म्हटलं तर ते आले नाहीत. जाताना मी एक शहाणपणा केला. चिमट्यातून तारा काढण्याआधी लाल चिमट्यातल्या दोन्ही टोकांना निळा दोरा बांधला, म्हणजे परत आल्यावर जसं होतं तसंच्या तसं जोडता येईल. मी अशा बाबतीत फार काटेकोर आहे.

दुकानातल्या माणसानं आधी एक डबा त्याच्या अँप्लिफायरला जोडला. डब्यावर त्याचा चहाचा ग्लास होता, त्यातला चहा थरथरायला लागला. मग दुसरा जोडला, तरी तेच. डब्याच्या लाकडावर थाप मारून तो म्हणाला, "ताई, काहीच खराबी नाही याच्यात. असा माल आता भेटत नाही. घरी कोणाले कमी ऐकू येते का?"

मी पैसे विचारले तर त्यानं घेतले नाहीत. मी आनंदानं घरी आले. जिना चढतानाच सांगितलं, "डबे एकदम चोख आहेत. काहीच बिघाड नाही." निळ्या दोऱ्याप्रमाणे तारा जोडल्या, कव्वाली लावली. ते खुर्चीत बसले. एक कडवं ऐकलं. मग उठले, बटण बंद केलं आणि माझाच क्रोशाचा रुमाल नीट सारखा केला.

तो चेहरा मला आजही आठवतो. मी चांगली बातमी म्हणून जे आणलं होतं, त्यानं त्यांचा निकाल लागला होता. डब्यात दोष नाही, बायकोला ऐकू येतं, मग उरलं कोण.

त्यानंतर घरात कव्वाली वाजली नाही. आणि मी, कोणी न सांगता, त्यांच्याशी मोठ्यानं बोलायला लागले. भाजीवाल्याला, शेजारणीला, बहिणीला सांगायला लागले की यांना आता जरा कमी ऐकू येतं. त्यांच्यासमोर सांगायची. बारीकसारीक गोष्टी त्यांना सांगणं सोडलं, कारण दोनदा बोलायचा कंटाळा. ते खरं तर पहिल्याच वेळी ऐकत होते, पण मी वाट पाहत नव्हते. कारखानेवाल्याचे फोनही हळूहळू कमी झाले. चार महिने असे गेले.

एका सकाळी मी फरशी पुसत होते. ते गॅलरीत पेपर वाचत होते. घर इतकं गप्प होतं की मलाच ते खायला उठलं. मी हात पुसले आणि कव्वाली लावली. लग्न झाल्यापासून मी स्वतःहून कव्वाली लावल्याचं मला तरी आठवत नाही. पोछ्याची काठी शोकेसच्या मागे घातली, ती कशाला तरी अडकली, मी ओढली. आणि स्वयंपाकघरातून ताटली वाजायला लागली. झर्र, झर्र.

मी तीस वर्षांच्या सवयीनं ओरडले, "अहो, कमी करा, ताटली वाजून राहिली."

गाणं मीच लावलं होतं हे माझ्या लक्षात यायच्या आत ते पेपर टाकून दारात आले होते. चपला घातलेल्या पायांनी ओल्या फरशीवर. खोलीच्या मधोमध उभे राहिले. ढोलकी पडत होती. त्यांचा हात छातीवर गेला, तिथे ती कळते म्हणून.

"काय केलं वं तू?"

"काही नाही. तार निघाली वाटते."

त्यांनी शोकेस पुढे ओढलं. एका डब्याची तार चिमट्यातून निघून लोंबत होती. म्हणजे एकच डबा वाजत होता आणि दोन्हींपेक्षा जास्त वाजत होता. त्यांनी तार परत लावली. ढोलकी गेली, टाळ्या राहिल्या, ताटली गप्प. काढली. ताटली बोलली. असं त्यांनी तीनदा केलं. मग ते खाली बसले आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसत होते.

"उलटं लागून राहिलं," ते म्हणाले. मोटारीच्या दोन तारांची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते, हे ते नोकरीभर पाहत आले होते. इथेही तसंच होतं. एक डबा हवा पुढे ढकलत होता, त्याच क्षणी दुसरा मागे ओढत होता. "ढोलकी मधातल्या मधातच मरून राहिली. टाळ्या बारीक असतात, त्याहीचं एवढं बिघडत नाही." भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून त्यांनी लाल बाजूच्या तारेला वरचं टोक आणि काळ्याला खालचं लावून दाखवलं. एका डब्याचा पडदा टच करून पुढे आला. दुसऱ्याचा आत गेला. मीसुद्धा पाहिलं. घड्याळ तेवढ्या वेळापुरतं बंद होतं.

तार सारखी करता करता त्यांची बोटं थांबली. तारेच्या टोकाशी प्लास्टिकवर एक मुरड होती.

"इथं गाठ होती."

तेव्हा मला कळलं. प्रत्येक डब्याच्या दोन तारा एकाच रंगाच्या होत्या. कोणती लाल चिमट्यात जायची ते विसरू नये म्हणून त्यांनी त्या तारेला गाठ मारून ठेवली होती, वीज केंद्रात तात्पुरत्या कामाला मारतात तशी. म्हणून त्यांना चूक होणार नाही अशी खात्री होती. गाठवाली तार लालमध्ये, एवढंच, आणि ते मला माहीत आहे असं ते धरून चालले होते.

"मी सोडवली," मी म्हटलं. "चांगली नव्हती दिसत."

मला वाटलं, आता बोलतील. त्यांनी ती मुरड बोटानं सरळ केली. नवी गाठ मारली, दुसऱ्या डब्याच्या तारेलाही मारली, माझा निळा दोरा तोडून बाजूला ठेवला, तारा लावून कव्वाली परत सुरू केली. मग माझ्याकडे न पाहता विचारलं, "गाठ त ठीक आहे. पण म्या तुले तीनदा विचारलं होतं. तू म्हणे पहिल्यासारखंच ऐकू येते."

मी खोटं बोलू शकत होते. मला फरक कळत नाही, असं म्हटलं असतं तर त्यांनी मान्य केलं असतं. पण ताटली पुन्हा वाजत होती. नव्या घरात आल्यापासून ती वाजत नव्हती आणि त्याचं मला बरंच वाटलं होतं. इथे मांडणी चांगली बसली, असं मी मनात म्हटलंही होतं.

"मी ऐकलंच नव्हतं," मी म्हटलं. "नुसतं हो म्हणत होते."

मला फार लाज वाटली. इतकी मला त्या गल्लीतल्या माणसानं घरी कोणाला कमी ऐकू येतं का विचारलं तेव्हाही वाटली नव्हती, आणि 'मला' हे खरं उत्तर तेव्हाच द्यायला हवं होतं. त्यांनी मान हलवली. ओल्या फरशीवरचे त्यांच्या चपलांचे ठसे मी पुसून काढले. दुपारी त्यांनी स्वतः फोन उचलून हिंगण्याला लावला. मधल्या काळात कारखानेवाल्यानं दुसरा माणूस ठेवला होता. तरी या म्हणाला. सोमवारपासून ते जायला लागले, तीनऐवजी दोन दिवस.

आता रविवारी वंदना झाल्यावर कव्वाली लागते. एक कडवं झालं की ते विचारतात, "कसं वाटते वं?" मी हातातलं काम ठेवते, पूर्ण कडवं ऐकते आणि मग सांगते. खरंच ऐकून सांगते. ते "बरं" म्हणतात. आणि मग एकदा, मला दिसू नये अशा बेतानं, मान कलती करून स्वयंपाकघरातल्या ताटलीकडे कान देतात.